पालक वर्कशॉप : खिचडी छान होती, छडी परत घ्या

रेटिंग एक स्टार. शून्य द्यायची सोय नाही म्हणून एक, आणि तोसुद्धा साबुदाणा खिचडीचा, कारण दाणे मोकळे होते, कूट भरपूर होतं आणि दुसऱ्यांदा मागितली तेव्हा वाढणाऱ्या काकूंनी तोंड वाकडं केलं नाही. बाकी काय झालं ते सविस्तर लिहितोय, लांबलंय माहितीये, पण आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर अजून "पुढची बॅच कधी" चाललंय, त्यांनी तरी वाचा.

नाव मुद्दाम टाकत नाहीये. असली वर्कशॉप घेणारे आता ढिगाने झालेत, नाव टाकलं की सगळे नावावरच भांडत बसतात. थीम होती आपल्या परंपरेतलं पालकत्व. जोडप्याला १,२०० रु., रविवारी सकाळी नऊ ते दीड, एसी हॉल, नाश्ता, चहा आणि एक 'किट'. आम्ही गेलो कारण आमचा पोरगा तिसरीत आहे, अभ्यासाला बसवायला रोज तास जातो, आणि खरं सांगायचं तर मी गेल्या महिन्यात एकदा त्याच्यावर हात उगारला होता. मारलं नाही, पण उगारला. त्याने डोळे मिटून खांदे वर घेतले ते काही डोक्यातून जात नव्हतं. म्हणलं जाऊन बघू, कुणी काही शहाणपणाचं सांगत असेल तर ऐकू.

किट उघडलं. एक फोल्डर, पेन, दिनचर्येचा तक्ता, आणि एक वेताची छडी. फूटभर, पॉलिश मारलेली, मुठीला लाल गोंडा. मला वाटलं शोपीस आहे. बायको म्हणाली, "अरे हे खरंच आहे." समोरच्या खुर्चीतल्या काकांनी ती हवेत फिरवून बघितली, सुंईऽ आवाज आला, दोनचार जण हसले. वर्कशॉप घेणारे सर म्हणाले घाबरू नका, ती फक्त प्रतीक आहे, भिंतीवर दिसली तरी पुरते.

सर बोलतात मात्र छान. आवाज खर्जातला, श्लोक तोंडपाठ, मधे मधे विनोद. काळ्या स्लाईडवर सोनेरी अक्षरं. पहिलीच स्लाईड, लालयेत् पञ्च वर्षाणि दश वर्षाणि ताडयेत्. पाच वर्षं लाड करा, पुढची दहा वर्षं ठोका, सोळावं लागलं की मित्र. चाणक्य म्हणतो, आपण कोण. टाळ्या. मग गुरुकुलात कसं होतं, मग एकलव्य, गुरूने अंगठा मागितला तर मागचा पुढचा विचार केला नाही आणि आजची पोरं चार्जर मिळाला नाही तर दार आपटतात. टाळ्या. मग प्रल्हाद, पाच वर्षांचं लेकरू, कड्यावरून लोटलं, हत्तीच्या पायी दिलं, विष दिलं, पण रडलं का? आणि म्हणूनच प्रल्हाद झाला! इथे मी बायकोकडे बघितलं, ती माझ्याकडे. म्हणजे हिरण्यकश्यपूने पालकत्वाचा कोर्स केला होता असं म्हणायचंय का यांना?

मग आली आनंदीबाई. डॉ. आनंदीबाई जोशी, फोटो तोच, नऊवारीतला. सर म्हणाले तिचा नवरा गोपाळराव कडक होते, स्वयंपाक करताना दिसली आणि अभ्यास करताना नाही तर बदडायचे, पण त्यामुळेच देशाला पहिली लेडी डॉक्टर मिळाली, आजच्या कायद्याने गोपाळराव तुरुंगात गेले असते आणि आनंदी चुलीपाशी राहिली असती. ह्याला सगळ्यात मोठ्या टाळ्या. मागून एक जण उठून म्हणाला मला पण बाबांनी पट्ट्याने फोडलंय, आज बघा आयटीत मॅनेजर आहे. त्यालाही टाळ्या.

चहाच्या आधी प्रश्नपेटी. चिठ्ठीवर नाव न लिहिता टाकायचं, सर वाचून उत्तर देणार. चारपाच मोबाईलचे प्रश्न झाले आणि एक चिठ्ठी निघाली. कुणा आईने लिहिलं होतं, मुलगी सात वर्षांची आहे, घरात एक नातेवाईक येतात त्यांच्या मांडीवर बसायला नको म्हणते, ते आले की बाथरूममध्ये जाऊन बसते, काय करू. हॉल एकदम शांत. सर दोन सेकंद थांबले आणि हसून म्हणाले, "अहो, बाळकृष्ण गोकुळात सगळ्यांच्या कडेवर वाढला! आपल्याकडे मूल घराचं असतं, एकट्या आईबापाचं नसतं. हा जो संशय आहे ना, तो बाहेरून आलेला रोग आहे. मुलीला प्रेमाने समजवा, मोठ्यांचा मान ठेवायला शिकवा." आणि पुढची चिठ्ठी उचलली.

बायको उठली. मी पण. खिचडी त्याआधीच झाली होती.

आता खरा रिव्ह्यू इथून सुरू होतो, कारण घरी आई होती. माझी आई सातारा जिल्ह्यात हायस्कूलला संस्कृत शिकवायची, ३१ वर्षं, रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. मी छडी डायनिंग टेबलवर ठेवली आणि सगळं सांगितलं. तिने छडी उलटसुलट करून बघितली आणि म्हणाली, "प्रल्हादाच्या गोष्टीत छडी आहे की. कोण मागतो माहितीये का?"

मला कुठलं माहीत असायला. ती आतून भागवत घेऊन आली, सातव्या स्कंधाचा पाचवा अध्याय काढला. प्रल्हाद बापासमोर विष्णूचं नाव घेतो, त्यामुळे त्याच्या मास्तरची पंचाईत होते, तो चिडून ओरडतो, "आनीयतामरे वेत्रम्". अरे वेत आणा रे! हे पोरगं आपलं नाव घालवणार, कुलांगार आहे. म्हणजे अख्ख्या गोष्टीत छडी मागणारा माणूस कोण, तर हिरण्यकश्यपूने पगारावर ठेवलेला मास्तर. आणि त्या छडीला लाल गोंडा लावून आम्हाला १,२०० रुपयांत किटमधून दिलीये. मी हसायला लागलो तर आई म्हणाली हसू नको, पुढचं ऐक, गोकुळाचं.

"गोकुळात सगळ्यांनी कडेवर घेतलं म्हणाला ना तो? पूतनापण गोकुळातच आली होती. मांडीवर घ्यायलाच आली होती." नटूनथटून, एखाद्या मोठ्या घरच्या बाईसारखी. आणि यशोदा, रोहिणी दोघी तिथेच उभ्या होत्या, तिचं ते रूप बघून दिपल्या आणि नुसत्या बघत राहिल्या, कुणी हटकलं नाही. हे भागवतातच आहे, दहाव्या स्कंधात. लहानपणी पूतनेची गोष्ट शंभर वेळा ऐकली असेल पण दोन आया शेजारी उभ्या होत्या हे मला कधी कुणी सांगितलंच नव्हतं.

त्या चिठ्ठीवाल्या आईसाठी इथे सरळ लिहितो, तुम्ही वाचत असाल तर. मुलगी नको म्हणतेय तर नकोच. त्या माणसाचं घरी येणं बंद करा, तिला रागवू नका, खोदून खोदून विचारू नका, ती सांगेल तेवढं शांतपणे ऐका. १०९८ हा मुलांसाठीच्या चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर आहे, फुकट आहे, फोन करा. केंद्राच्या महिला व बालविकास खात्याने २००७ साली १३ राज्यांतल्या मुलांचा अभ्यास छापला होता, त्यात निम्म्याहून जास्त मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक त्रास झाल्याचं सांगितलं होतं, आणि त्रास देणारे निम्मे लोक ओळखीतले, विश्वासातलेच होते. संशय बाहेरून आलाय म्हणे. आणि २०१२ चा पॉक्सो कायदा, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा, असं म्हणतो की असा गुन्हा झालाय किंवा होईल असं ज्याला वाटतं त्याने पोलिसांना कळवलंच पाहिजे, मग तो शेजारी असो, शिक्षक असो नाहीतर स्टेजवरचे सर असोत. सरांनी चिठ्ठी घडी करून खिशात घातली, मी बघितलं.

असो. आईचा तास चालू होता. एकलव्याचं म्हणाली, महाभारत काही लपवत नाही रे. अंगठा का मागितला ते स्वच्छ लिहिलंय, अर्जुनाला धास्ती वाटत होती की हा आपल्यापुढे जाणार, आणि अंगठा गेल्यावर अर्जुनाचा जीव भांड्यात पडला, खुश झाला. व्यासांनी ह्याला शिस्त म्हणलेलं नाही, शिस्त हे स्लाईडवाल्यांनी म्हणलंय.

मग मांडव्य ऋषींची गोष्ट, ही मला अजिबात माहीत नव्हती. त्यांना चोर समजून सुळावर चढवतात. पुढे ते यमधर्माकडे जाऊन विचारतात मी असं काय केलं होतं बाबा. तर तो म्हणतो लहानपणी तुम्ही किड्यांच्या शेपटीत काडी खुपसली होती. मांडव्य भडकतात, एवढ्याशा पोराच्या चुकीला सूळ? आणि साक्षात धर्माला शाप देतात, जा माणूस होऊन जन्माला ये, तोच विदुर. वर नियम घालून देतात की यापुढे चौदाव्या वर्षापर्यंत केलेल्याचं पाप लागणार नाही. बघा म्हणजे मुलाला अती शिक्षा केली म्हणून यमाला डिमोशन. ह्याची स्लाईड नव्हती.

शुनःशेपाची पण नव्हती. ऐतरेय ब्राह्मण नावाच्या वैदिक ग्रंथात आहे, त्याच्या बापाने, अजीगर्ताने, १०० गायींना त्याला बळी द्यायला विकला. खांबाला बांधायला कुणी तयार होईना तर आणखी १०० गायी घेऊन बापानेच बांधला, आणि आणखी १०० घेऊन कापायला सुरा पाजळत आला. पोरगा देवांची स्तुती करून सुटतो, मग बाप म्हणतो चल घरी. आणि पोरगा म्हणतो नाही. तुझ्या हातात सुरा बघितलाय सगळ्यांनी. विश्वामित्राच्या मांडीवर जाऊन बसतो, त्याचाच मुलगा होतो. आईबापाचं सगळं सोसावं असं आपली संस्कृती सांगते म्हणणाऱ्यांनी हे एकदा वाचावं, गोष्ट ऋग्वेदाच्या ब्राह्मणातली आहे, नेटफ्लिक्सवरची नाही.

मी आईला म्हणलं, म्हणजे आपल्या ग्रंथांत मारायचं कुठे नाहीच? तर तिने लगेच मला गप्प केलं. म्हणाली, "आहे की. खोटं कशाला बोलायचं." मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात बायको, मुलगा, दास, चाकर, धाकटा भाऊ यांना चुकल्यावर दोरीने किंवा वेळूच्या कांबीने मारावं असं चक्क आहे, फक्त पाठीवर मारा, डोक्यावर नको. यादी बघा कुणाकुणाची आहे. ते तेव्हाचं घर. आणि त्याच मनूने दुसऱ्या अध्यायात लिहिलंय की शिकवणं अहिंसेनेच करावं, बोलणं गोड असावं. गौतम धर्मसूत्र तर म्हणतं शिष्याला न मारता शिकवा, जमलंच नाही तर बारीक दोरी किंवा कांब, आणि ह्याहून दुसऱ्या कशाने मारलं तर राजाने त्या गुरूला शिक्षा करावी. गुरूला! दोनअडीच हजार वर्षांपूर्वीच्या माणसालाही मास्तरचा हात कुठे थांबवायचा ही काळजी होती. बरं ते चाणक्याचं लालयेत्, ते त्याच्या 'अर्थशास्त्र' ग्रंथातलं नाही, चाणक्याच्या नावावर फिरणाऱ्या सुभाषितांतलं आहे, आणि त्या सुभाषितांच्या प्रती एकीसारखी दुसरी नाही. हे आई सांगतेय, मी नाही.

आणि मग ती जे म्हणाली त्यामुळे मी हा रिव्ह्यू लिहायला बसलो. छडी बाजूला सरकवून म्हणाली, "मी पण मारलंय रे. फूटपट्टीने, उभी धरून. सातवीत एक मुलगा होता, धातुरूपं चुकायचा. त्याचं नख काळं पडलं होतं." मी काही बोललो नाही. ती म्हणाली, "लालयेत् मलाही पाठ होतं. पण मारायच्या आधी कधी आठवलं नाही. मारून झाल्यावर आठवायचं, स्टाफरूममध्ये." तो मुलगा मध्ये एसटी स्टँडवर भेटला, पाया पडला आणि म्हणाला बाई तुम्ही मारलंत म्हणून शिकलो. आई म्हणते मला तोंड कुठे लपवू असं झालं, आणि त्याचं नख बघायची हिंमत झाली नाही.

आनंदीबाईंचं मी स्वतः शोधून वाचलं, कारण त्या टाळ्या डोक्यात बसल्या होत्या. लग्न १८७४ साली, वय नऊ, नवरा वीसेक वर्षांनी मोठा. चौदाव्या वर्षी मूल झालं, दहा दिवसांत गेलं. १८८६ ला पेनसिल्व्हेनियातून डॉक्टर झाली, फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात क्षयाने गेली, वय २१, प्रॅक्टिस सुरू पण करता आली नाही. आणि मारण्याबद्दल तिचं स्वतःचं म्हणणं आहे, लेखी आहे, अमेरिकेतून गोपाळरावांनाच पाठवलेल्या पत्रात. तुमचं वागणं चांगलं की वाईट ठरवणं अवघड, शेवटचा हेतू बघितला तर बरोबर वाटतं, पण लहान मुलाच्या मनावर काय होऊ शकतं ते बघितलं तर चूकच म्हणावं लागेल, असं ती लिहिते. आणि मग हिशोब मांडते, दहाव्या वर्षी लाकडाच्या तुकड्यांनी मारलंत, बाराव्या वर्षी खुर्च्या आणि पुस्तकं फेकून मारलीत, सोडून जायची धमकी दिलीत, चौदाव्या वर्षी आणखी विचित्र शिक्षा केल्यात. हे सगळं नवऱ्याला तोंडावर लिहिणारी बाई आहे ती. सरांनी तिचा फोटो लावला आणि तिचंच मत कापलं.

आणि मार खाल्ला म्हणून डॉक्टर झाली म्हणायचं तर रखमाबाईचं काय करायचं? त्याच काळातली, मुंबईची, अकराव्या वर्षी लग्न, मोठी झाल्यावर म्हणाली मी ह्याच्याकडे नांदायला जाणार नाही. १८८७ मध्ये कोर्ट म्हणालं जा नाहीतर सहा महिने तुरुंग. ही म्हणाली तुरुंग चालेल. सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन मारणारे नव्हते, पाठीशी उभे राहणारे होते. तीसुद्धा लंडनला जाऊन डॉक्टर झाली, पुढे सुरतेत वर्षानुवर्षं हॉस्पिटल चालवलं, नव्वदी गाठली. हिची स्लाईड करा की.

"पूर्वी दहाव्या वर्षी मुली संसार करायच्या, कुणाला काही होत नव्हतं" हे पण एक वाक्य टाकलं होतं सरांनी जाता जाता. होत होतं. १८९० साली कलकत्त्याला फुलमणी दासीचा खटला चालला, पोर अकरा वर्षांच्या आसपासची, तिशी उलटलेल्या नवऱ्याच्या जबरदस्तीने मेली, आणि त्याला फक्त वर्षभर सक्तमजुरी झाली, बलात्कार धरलाच नाही, कारण कायद्यात संमतीच्या वयाची मर्यादा दहा वर्षांची होती. १८९१ ला ती मर्यादा बाराची केली तर आमच्या पुण्यात त्याच्याविरुद्ध सभा झाल्या, टिळकांचाही विरोध होता. आणि बाजूने शास्त्रं काढून दाखवणारे कोण, तर संस्कृतचे पंडित रा. गो. भांडारकर. म्हणजे श्लोकाला श्लोक काढायचा खेळ ह्या शहरात सव्वाशे वर्षांहून जास्त चाललाय आणि दरवेळी मधे एक पोर असते जिला कुणी काही विचारत नाही.

बाकी लॉजिस्टिक्स. हॉल स्वच्छ, एसी जरा जास्तच, स्वेटर न्या. पार्किंग टू व्हीलरला आहे, कार मागच्या गल्लीत लावावी लागते. टायमिंग पाळतात. पाळणाघराची सोय आहे लिहिलं होतं पण ती म्हणजे एका खोलीत पोरं आणि एक दमलेली मुलगी. शाळेत मारायला २००९ च्या आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्याने बंदी आहे हे आम्ही होतो तोवर एकदाही कुणी बोललं नाही, हॉलमध्ये शिक्षक होते तरी. रिफंड मागितला तर उत्तरादाखल एक श्लोक आला, क्षमा हे वीरांचं भूषण वगैरे. पैसे आले नाहीत.

अपडेट, आठ दिवसांनी : सरांच्या ऑफिसातून फोन आला होता. रिव्ह्यू काढा, पुढच्या बॅचला दोघं फ्री या, विषय आहे किशोरवयीन मुलं आणि शिस्त. मी म्हणलं त्या चिठ्ठीचं काय केलंत तेवढं सांगा. होल्डवर ठेवलं, मग कट झाला.

छडी परत पाठवली. घरात ठेवायची नव्हती आणि फेकली तर कचऱ्यातून कुणीतरी उचलणार. कुरिअरच्या काउंटरवरच्या काकांनी विचारलं आत काय, म्हणलं छडी. त्यांनी पाकिटावरून हात फिरवला, म्हणाले वेताची दिसतीये, आमच्या गुरुजींकडे निरगुडीचा फोक असायचा, ओला. मग बराच वेळ काही न बोलता डाव्या तळव्यावर उजवा अंगठा चोळत बसले. मागे लाईन लागली होती. फॉर्मवर वस्तूचं वर्णन ह्या रकान्यात त्यांनी 'गिफ्ट आयटम' लिहिलं आणि ६० रुपये घेतले.